मागोमे ते त्सुमागो: किसोच्या खोऱ्यात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

जपानमधल्या नागोयात आमच्या ओळखीची जी मराठी घरं आहेत, त्यांच्याकडे भारतातून पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "देवळं झाली, किल्ले झाले, आता एखादं गाव दाखवा." मग माझा फोन वाजतो. मागोमे आणि त्सुमागो या दोन डोंगरी गावांमधल्या वाटेने मी आजवर पाच-सहा वेळा गेले आहे आणि पहिल्या खेपेला जे जे चुकवता येतं ते सगळं चुकवलं आहे. फोनवर दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

पहिल्या खेपेची चूक अशी की मी ती सहल एका दिवसात उरकायला निघाले. दुपारी बाराच्या गर्दीत त्सुमागोत उतरले, उभ्याउभ्या काहीतरी खाल्लं, उलट्या बाजूने घाट चढले आणि धापा टाकत मागोमेत पोचले तेव्हा दुकानांची दारं ओढून घेणं चाललं होतं. बस डोळ्यांदेखत गेली. म्हणून पहिला सल्ला हाच: एक रात्र त्सुमागोत मुक्काम करा. पुढचं सगळं त्यावर बेतलेलं आहे.

जागा कुठली, कशासाठी

एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, एदोहून (आजचं तोक्यो) क्योतोला जायचे दोन मोठे रस्ते होते. एक समुद्राकाठचा तोकाइदो आणि दुसरा डोंगरातून जाणारा नाकासेन्दो. नाकासेन्दो सुमारे 530 किलोमीटरचा आणि त्यावर मुक्कामाची 69 गावं. दरमजल करत जाणाऱ्यांना तिथे जेवण, अंथरूण आणि ताजे घोडे मिळत. त्यातली अकरा गावं किसो नदीच्या अरुंद खोऱ्यात आहेत. एदोकडून मोजलं तर त्सुमागो बेचाळिसावं, मागोमे त्रेचाळिसावं. दोन्हींच्या मध्ये मागोमेची खिंड आणि साधारण आठ किलोमीटरची पायवाट.

1911 साली चुओ रेल्वेमार्ग पूर्ण झाला. तो नदीच्या कडेने गेला आणि त्सुमागो बाजूला पडलं. वाटसरू संपले, धंदा संपला, तरुण शहरात गेले. घरं मात्र तशीच राहिली, कारण ती पाडून नवी बांधायला कोणाकडे पैसेच नव्हते. 1968 पासून गावकऱ्यांनी ती दुरुस्त करायला घेतली आणि 1971 साली सगळ्यांनी मिळून एक करार केला: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. 1976 मध्ये सरकारने देशातल्या पहिल्या काही जतन-वस्त्यांमध्ये त्सुमागोचं नाव घातलं. विजेचे खांब आजही घरांच्या मागच्या अंगाला आहेत आणि सकाळी दहा ते दुपारी चार मुख्य रस्त्यावर गाडी आणता येत नाही. वाड्याच्या जागी टॉवर उभा राहिलेला पाहतच मोठी झालेली मी. त्या "भाड्यानेही नाही"पाशी दर वेळी अडते.

मागोमेची गोष्ट वेगळी. ते 1895 आणि 1915 च्या आगींत जळालं, त्यामुळे आजची तिथली घरं त्यानंतरची आहेत. लेखक शिमाझाकी तोसोन यांचा जन्म 1872 साली इथलाच. त्यांच्या घराच्या जागेवर आता संग्रहालय आहे. आणखी एक गंमत म्हणजे मागोमे 2005 पर्यंत नागानो प्रांतात होतं, मग शेजारच्या नाकात्सुगावा शहरात विलीन होऊन गिफू प्रांतात गेलं. त्सुमागो अजून नागानोतच, नागिसो नावाच्या छोट्या नगरात. म्हणजे खिंड ओलांडली की प्रांत बदलतो.

कधी जावं

चेरी इथे नागोयापेक्षा उशिरा, साधारण एप्रिलच्या मध्याला फुलते. पानांचे रंग नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. 23 नोव्हेंबरला त्सुमागोत जुन्या वेशातल्या वाटसरूंची मिरवणूक निघते; बघण्यासारखी असते, पण त्या दिवशी मुक्कामाला जागा मिळेल असं समजू नका. जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस. आपल्याला पावसाचं कौतुक, पण इथल्या फरसबंदीवर शेवाळ असतं, त्यामुळे ज्येष्ठांना घेऊन त्या दिवसांत जाऊ नये. हिवाळ्यात बर्फ पडतं, बस कमी होतात आणि बरीच घरगुती निवासस्थानं बंद असतात.

कसं पोचावं

नागोया स्थानकावरून चुओ मार्गाची शिनानो एक्स्प्रेस धरली की नाकात्सुगावा पन्नासेक मिनिटांत येतं. जलद लोकलला सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि पैसे कमी पडतात. शिनानो वळणांवर मुद्दाम कलते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना ती इथेही लागेल, तेव्हा आल्याची वडी बरोबर असू द्या. तोक्योहून येणाऱ्यांनी शिनकान्सेनने (बुलेट ट्रेनने) नागोयाला येऊन गाडी बदलावी.

नाकात्सुगावा स्थानकासमोरून मागोमेची बस, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. रेल्वेचा पास तिच्यात चालत नाही. रोख येन नागोयातच काढून घ्या, कारण डोंगरातली दुकानं आणि घरगुती निवासं अजून नोटा-नाण्यांवर चालतात. परतीचं तिकीट कागदी घ्या. खोऱ्यातल्या छोट्या स्थानकांवर शहरातल्या कार्डाच्या भरवशावर राहू नये.

आता सामान. मागोमेच्या पर्यटन कार्यालयात सकाळी साडेअकराच्या आत बॅग दिली की ती दुपारनंतर त्सुमागोच्या कार्यालयात मिळते. एका नगाला हजारेक येन घेतात. ही सोय वसंतापासून नोव्हेंबरपर्यंतच असते. आमच्या एका पाहुण्यांनी "चाकं आहेत की" म्हणत बॅग स्वतःच ओढायचं ठरवलं होतं. मागोमेचा फरसबंद चढ संपायच्या आत एक चाक निखळलं, पुढे ती बॅग पाळीपाळीने डोक्यावर.

चालायची दिशा

मागोमेकडून त्सुमागोकडे चाला. मागोमे साधारण 600 मीटर उंचीवर आहे, खिंड 800 च्या आसपास आणि त्सुमागो 420 च्या आसपास. म्हणजे या दिशेने दोनशे मीटरचा चढ, तोही पहिल्या सव्वादोन किलोमीटरमध्ये संपणारा. मग उतारच उतार. उलट्या दिशेने जवळजवळ दुप्पट चढ. थांबत-थांबत तीन तास धरा, आई-बाबा बरोबर असतील तर चार. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र उलटा विचार करावा लागतो, कारण त्यांना चढापेक्षा उतार जड जातो. अशांना मागोमे ते खिंड बसने नेऊन पुढचं थोडंच चालवावं किंवा सरळ त्सुमागोपर्यंत बसनेच न्यावं. बस दिवसातून मोजक्याच असतात, तेव्हा वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा.

पायात साधे खेळाचे बूट चालतात, तळ गुळगुळीत झालेला नसावा एवढंच. पाण्याची बाटली आणि एक रिकामी पिशवी घ्या. वाटेत कचऱ्याचे डबे नाहीत, सालं-कागद परत न्यायचे असतात. दहाच्या सुमाराला निघालात तर उत्तम. नोव्हेंबरमध्ये सूर्य पावणेपाचला मावळतो आणि खोऱ्यात त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं.

वाट

बस मागोमेच्या पायथ्याशी सोडते. गाव म्हणजे एकच उभा चढ, दोन्ही अंगांना दुकानं, कडेच्या पाटातून खळखळतं पाणी, मध्ये एक पाणचक्की आणि एक काटकोनी वळण. चाल करून येणाऱ्याला सरळ घुसता येऊ नये म्हणून मुक्कामाच्या गावांत अशी वळणं मुद्दाम ठेवत. वर टोकाला मोकळी जागा आहे. तिथून मागे वळून पाहिलं की 2191 मीटरचा एना डोंगर पसरलेला दिसतो. फोटो इथेच काढून घ्या, पुढे झाडीच झाडी.

थोडं पुढे पहिली घंटा लागते. खांबाला टांगलेली पितळी घंटा आणि दोरी. ती अस्वलांसाठी आहे. इथल्या जंगलात काळी अस्वलं आहेत आणि माणूस येतोय हे त्यांना आधी कळलं तर ती आपणहून बाजूला होतात. आमच्या पाहुण्यांतल्या एका आजींनी देवळातल्यासारखी एकदाच, हलक्या हाताने वाजवली आणि नमस्कार केला. तशी नाही, दणदणीत वाजवायची. दोन घंटांच्या मध्ये गप्पा चालू ठेवा. ते आपल्याला काही अवघड नाही. एकट्याने, कानात गाणी घालून मात्र चालू नका. पहाटे आणि संध्याकाळी जंगलात शिरू नका आणि गावात अस्वल दिसल्याची सूचना लावलेली असेल तर पर्यटन कार्यालयात विचारूनच पाऊल टाका.

खिंडीच्या अलीकडे तोगे नावाची वस्ती आहे, काळवंडलेल्या लाकडी घरांची. इथले लोक बैलांच्या पाठीवर माल लादून ने-आण करत. 1856 साली मालाच्या घाऊक व्यापाऱ्याने हिशेबात गडबड केली म्हणून या बैलवाल्यांनी त्याचा माल उचलायचंच नाकारलं. आजच्या भाषेत संप. रस्त्यावरून चालताना हे काहीच दिसत नाही, म्हणून सांगितलं.

खिंड स्वतः अगदीच साधी आहे: डांबरी रस्ता, चहाची टपरी, पाटी. तिथे रेंगाळू नका. खरी वाट पुढे सुरू होते.

उतरताना झाडांकडे लक्ष असू द्या. "किसोची पाच झाडं" असा इथला शब्दच आहे: हिनोकी, सावारा, असुनारो, नेझुको आणि कोयामाकी. सगळी सूचिपर्णी. सतराव्या शतकात किल्ले आणि शहरं बांधण्यासाठी हे डोंगर इतके बोडके झाले की मालक असलेल्या ओवारी संस्थानाने, ज्याची राजधानी आमचं नागोया, या जातींच्या तोडीवर बंदी घातली. "एक झाड, एक मुंडकं" अशी म्हण त्या काळची सांगतात. वाटेवर लाकूड तपासायच्या चौकीची जागा आजही दाखवलेली आहे. गावकऱ्यांना स्वतःच्या डोंगरातली फळी नेतानासुद्धा परवान्याचा शिक्का दाखवावा लागे. आज जी उंच, सरळ झाडी बघून आपण हरखतो, ती त्या जुलमाच्याच पोटातून आली, हे चालताना मनात टोचत राहतं. इसेच्या मंदिराची दर वीस वर्षांनी जी नव्याने उभारणी होते, तिला किसोचा हिनोकी लागतो. पुढची 2033 मध्ये, आणि तिच्यासाठीची पहिली झाडं 2025 च्या जूनमध्ये याच परिसरात विधिपूर्वक, कुऱ्हाडीने तोडली. नागोयाच्या किल्ल्यातला होन्मारू राजवाडा तुम्ही पाहिला असेल, 2018 मध्ये पूर्ण झालेला. त्याच्यातही हेच लाकूड. तिथे दारात आलेला गोडसर वास आठवतो का? तोच इथे उन्हात जाणवतो.

चौकीच्या जवळच जुनं चहाघर आहे, इचिकोकु-तोचीचं. स्थानिक स्वयंसेवक चालवतात. आत मातीची जमीन, मधोमध चुलाण, वरून टांगलेली किटली, आणि धुराने तुळया अशा काळ्या झाल्या आहेत की कोकणातल्या जुन्या घराचं माजघर आठवावं. चहा फुकट. पेटी ठेवलेली असते, तीत मनाला येईल ते टाका. "कुठून आलात?" विचारतात, "इंदो" म्हटलं की नकाशावर टाचणी टोचायला सांगतात की नाही हे त्या दिवशी कोण बसलंय त्यावर. पंधरा मिनिटं तरी बसा. समोर अंगणात झुकलेली चेरी आहे.

पुढे सावाराचं एक तीनशे वर्षांचं झाड लागतं. त्याच्या फांद्या आधी आडव्या जाऊन मग सरळ वर वळल्या आहेत. अशा झाडावर डोंगराचा देव विसावतो असं मानून लाकूडतोडे त्याला हात लावत नसत. आपल्या देवराईतलं झाड ओळखायला आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग ओदाकी आणि मेदाकी, नर आणि मादी असे दोन धबधबे. लहानच आहेत. सह्याद्रीतला श्रावण पाहिलेल्या माणसाने फार अपेक्षा ठेवू नये, पण उन्हाळ्यात तिथली गार हवा घामेजल्या पाठीला बरी वाटते. त्याच्या पुढची फरसबंद उतरण ओली असेल तर कडेकडेने, पाय आडवा टाकत उतरा. ती संपली की ओत्सुमागो ही छोटी वस्ती, आणि आणखी किलोमीटरभराने त्सुमागो.

मुक्काम आणि जेवण

मिनशुकु म्हणजे घरगुती निवास. रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून माणशी साधारण दहा हजार येनच्या पुढे. जेवणासह घ्या, कारण संध्याकाळी पाचनंतर गावात खायला काही उघडं नसतं. जागा थोड्या, म्हणून दोन-तीन महिने आधी बघा. जेवण सहा-साडेसहाला म्हणजे तेव्हाच. "जरा फिरून येतो" म्हणून साताला उगवलात तर घरातली बाई काही बोलणार नाही, पण ताट गार झालेलं असेल.

शाकाहारी लोकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी नसते. डाळ-भाजीच्या जागी असणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रश्शात सुक्या बोनिटो माशाचा "दाशी" असतो, सोबाच्या (कुट्टूच्या शेवयांच्या) रश्शातही. पोचल्यावर सांगून उपयोग नाही, बुकिंग करतानाच सांगा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु." म्हणजे मांस-मासे खात नाही, बोनिटोचा अर्कही नको. कोंबु, म्हणजे समुद्री शेवाळाचा दाशी चालत असेल तर "कोंबु-दाशी वा दाइजोबु देसु" हे जोडा, स्वयंपाक करणाऱ्याचा जीव भांड्यात पडेल. निवासवाले "जमणार नाही" म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. खोटं हो म्हणण्यापेक्षा बरं. मी मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी नेहमी बॅगेत ठेवते, पण ती खोलीतच, जेवणाच्या खोलीत डबा उघडायचा नाही.

रस्त्यावर खायचं म्हणजे गोहेइ-मोची. भात कुटून काठीवर थापतात, त्याला अक्रोड, तीळ, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), सोया सॉस आणि साखरेचं वाटण फासून निखाऱ्यावर भाजतात. कडा करपतात, वाटण हातावर ओघळतं. तरीही विकणाऱ्याला "दाशी?" असं एकदा विचारून घ्या. शरदात चेस्टनटचं कुरीकिन्तोन मिळतं, नाकात्सुगावाची खासियत. पेढ्याला सोकावलेल्या जिभेला लगेच पटतं. हिवाळ्यात गेलात तर सुन्की चाखा. सलगमच्या पानांचं आंबवलेलं लोणचं, पण मिठाशिवाय. समुद्रापासून लांबच्या या खोऱ्यात मीठ महाग, म्हणून ही युक्ती निघाली असं सांगतात. पहिला घास नुसता आंबट लागतो, तिसऱ्याला आवडायला लागतो.

घरात शिरताना बूट दारात, तोंड बाहेर करून. तातामीवर (गवती चटयांच्या जमिनीवर) चपला नाहीत, बॅगेची चाकंही नाहीत. संडासाच्या सपाता वेगळ्या, आणि त्या घालून जेवायला येण्याचा मान आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा मिळवलेला आहे. न्हाणीत आधी बाहेर बसून साबणाने अंग धुवायचं, मग टबात फक्त बसायचं; तेच पाणी सगळ्यांचं. भिंती कागदाच्या आणि पातळ फळ्यांच्या. घरी व्हिडिओ कॉल लावायचा तर अंगण गाठा.

त्सुमागो, पाचनंतर आणि आठच्या आधी

शेवटच्या बस गेल्या की रस्त्यावर तुमच्यासारखे मुक्कामाचे पाचपन्नास लोक उरतात. जाळीदार लाकडी खिडक्यांमागे मिणमिणता उजेड, पाटाच्या पाण्याचा आवाज, कुठेतरी भांडी विसळल्याचा. यासाठीच तर राहायचं. जेवणाआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास नुसतं चाला. घरं ही घरं आहेत, आत लोक राहतात. उघड्या दारात मोबाइल खुपसू नका.

सकाळी उजाडताना गावाच्या तेराशिता भागाकडे जा, जिथून 1968 मध्ये दुरुस्तीला सुरुवात झाली. तिथलं कामी-सागाया हे साध्या वाटसरूंचं निवासस्थान बघा. अशा घरांना "किचिन-यादो" म्हणत, म्हणजे लाकडाच्या मोलाची सराई. तांदूळ वाटसरूचे स्वतःचे, पैसे फक्त चुलीतल्या सरपणाचे.

त्याच्या अगदी उलट टोक म्हणजे वाकी-होन्जिन ओकुया, बड्या असामींचं दुय्यम मुक्कामघर. आजची इमारत 1877 ची, सगळी हिनोकीची. बंदी उठल्यावर ते लाकूड वापरायची मुभा मिळाली आणि घरमालकाने हात आखडता घेतला नाही. सकाळी उघडताच आत जा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो तेव्हा जाळीतून येणारे उन्हाचे पट्टे चुलाण्याच्या धुरात उभे राहतात आणि जमिनीवर हळूहळू सरकतात. माहिती सांगणाऱ्या बाई तेवढ्यापुरत्या थांबतात.

परत

त्सुमागोहून नागिसो स्थानक साडेतीन किलोमीटरवर आहे. बसने दहा मिनिटं, नाहीतर तासाभराची सोपी पायवाट. पायवाटच घ्या, पण निघायच्या आधी गाडीची वेळ बघा. नागिसोत शिनानोच्या मोजक्याच गाड्या थांबतात आणि लोकलमध्येही कधी तासाचं, कधी दीड-दोन तासांचं अंतर असतं. नाकात्सुगावापर्यंत लोकलने वीसेक मिनिटं.

गाडीला वेळ असेल तर फलाटावर गारठत बसू नका, मी एकदा बसले आहे. स्थानकापासून दहा मिनिटांवर किसो नदीवर मोमोसुके पूल आहे, 247 मीटर लांबीचा लाकडी झुलता पूल. फुकुझावा मोमोसुके नावाच्या उद्योजकाने वीज केंद्राच्या बांधकामासाठी 1922 मध्ये तो उभारला. खाली पांढरे ग्रॅनाइटचे धोंडे आणि त्यांच्यामधून हिरवट निळं पाणी. पूल पावलागणिक किंचित हलतो. पलीकडे जाऊन यायला वीस मिनिटं पुरतात. गाडीच्या पाऊण तास आधी मात्र माघारी फिरा, कारण मध्यावर उभं राहिल्यावर माणूस घड्याळ बघत नाही.